पन्हळीचा बांध

मी पन्हळ बोलतेय. कासुर्डी गावात, पुणे-सोलापूर रस्त्यापासून दोन आळ्या आत, मंगलोरी कौलांचं एक लांबट घर आहे. त्या घराच्या पुढच्या बाजूला, कौलांच्या काठाखाली मी लटकलेली असते. जस्ती पत्र्याची, बत्तीस फूट लांब. कौलांवरून घसरत आलेलं पाणी काठावर झेलायचं आणि भिंतीपासून लांब नेऊन सोडायचं, एवढंच माझं काम. पोरासोरांना कळेल इतकं सोपं. पण या घरच्या कर्त्या पुरुषांना ते कळायला चार पावसाळे जावे लागले, आणि अजून तरी पुरतं कळलंय का, याची मला शंकाच आहे.

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. आठ वर्षं एका जागी लटकून खालच्या अंगणात चाललेली शहाणपणं ऐकलीत मी. तुम्ही ऐकली असती तर तुमचंही तोंड गोड राहिलं नसतं.

या घरात डोकं असलेला एकच पुरुष होऊन गेला, ते म्हणजे आण्णा. घर त्यांनीच बांधलं. पाया दगडाचा, भिंती पांढऱ्या मातीच्या, वर कौलं. पांढऱ्या मातीची भिंत उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, फक्त पाण्याला घाबरते. कौलांच्या काठावरून पागोळ्या गळायच्या, त्यांचे शिंतोडे पायथ्याला उडायचे आणि भिंत खालून खरवडल्यासारखी व्हायची. वारं असलं की पाणी आत वळायचं आणि वाशांची टोकं भिजायची. दिवाळी आली की लोक वरून शेणामातीचा हात फिरवून मोकळे. सगळं गाव तसंच करायचं, म्हणजे ते बरोबरच असणार.

आण्णांनी मात्र एकदा शिडी लावून वाशाच्या टोकात खिळा टोचून बघितला. नुसता बोटानं दाबला तरी खिळा आत गेला. पुढं ते दौंडला बैल बघायला गेले असताना पाऊस आला आणि ते रेल्वेच्या चाळीच्या वळचणीला उभे राहिले. तिथं कौलांच्या काठाला पन्हळी होत्या. आण्णा तासभर त्या चाळीची कोरडी भिंतच बघत राहिले. बैल काही घेतले नाहीत. त्याच आठवड्यात ते यवतला बाळासोकडं गेले.

बाळासो म्हणजे यवतच्या स्टँडजवळ बसणारा, पत्र्याचं काम करणारा माणूस. डब्यांना बूड बसवायचा, चाळण्या करायचा, बादल्यांची भोकं बुजवायचा. त्यानं माझा पत्रा रुळाच्या तुकड्यावर ठोकून वळवला, सांधे कथलानं झाळले आणि मला आकड्यांवर बसवताना सुतळी धरून उतार काढला. पश्चिमेचं टोक वर, पूर्वेचं टोक चार बोटं खाली. पूर्वेच्या टोकाला उभा नळ आणि नळाचं पाणी अंगणातल्या लिंबोणीच्या आळ्यात. माझं सगळं पाणी एकाच दिशेनं जातं आणि एकाच नळातून उतरतं. पुढं जे रामायण झालं त्यात एवढी एकच गोष्ट समजून घ्यायची होती.

हे एकाहत्तर सालचं. मला बघून गाव हसलं. आण्णानं घराला करगोटा बांधला म्हणाले. आणि पुढच्याच वर्षी असा दुष्काळ पडला की वर्षभर माझ्या पोटातून थेंब वाहिला नाही. मग काय विचारता! येणारा-जाणारा माझ्याकडं बोट दाखवून दात काढायचा. घरातल्यांनी तर मला फळीच समजून टाकलं. थोरल्या हौसरावानं माझ्यात दाढीची पाती ठेवली, धाकट्या सर्जेरावानं बापाच्या नजरेआड तंबाखूची चंची. मिसरी, विळा, फुटका आरसा, तुटकी चप्पल, सगळं माझ्या पोटात. माणसाला रिकामी जागा दिसली की तिथं कचरा ठेवल्याशिवाय चैन पडत नाही.

ज्या बैलगाडीतून मी यवतहून आले, त्याच गाडीत शिलाई मशीन होतं. ते मालनबाईसाठी. मालनबाई आण्णांची मधली लेक, हौसरावापेक्षा लहान, सर्जेरावापेक्षा मोठी. भीमेच्या पलीकडं वडगाव रासाईला दिलेली. दोन वर्षांत नवऱ्यानं दुसरी घरात आणली आणि हिला माहेरी आणून सोडलं. आण्णांनी तिला शब्दानं दुखावलं नाही. घराची मधली खोली दिली, खोलीच्या पुढच्या भिंतीत खिडकी होती, खिडकीपाशी मशीन मांडून दिलं आणि चारचौघांत म्हणाले, ही खोली मालनची. तेवढं म्हणाले, लिहून ठेवलं नाही. शहाणा माणूससुद्धा एखाद्या ठिकाणी चुकतोच.

मालनबाईची शिलाई सरळ. तिच्या हातचं झंपर उसवत नाही असं बायका म्हणायच्या. मी खिडकीच्या वरच असल्यामुळं दिवसभर मशीनची खडखड ऐकायची. या घरातला तो एकच आवाज कामाचा होता.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. मी पहिल्यांदा पोटभर पाणी वाहिलं. पाती, चंची, चप्पल, सगळं लिंबोणीच्या आळ्यात जाऊन पडलं आणि सर्जेरावाची चंची बापाला सापडली. आण्णा छत्री घेऊन अंगणात उभे राहिले, भिंतीला हात लावून बघितला. भिंत कोरडी ठाक. मालनबाईला खिडकीतून बोलावून त्यांनी मी कशी वाहते ते दाखवलं. त्या दिवसाइतका मान मला पुन्हा मिळाला नाही. त्या हिवाळ्यात आण्णा गेले.

तेरावं झालं आणि दोघा भावांचं वाटणीचं सुरू झालं. वैशाखात पंच बसले. पंच तिघं, पण बोलणारे एकटे बबनराव. फेटा मोठा, आवाज मोठा, बाकी आनंद. शेताच्या वाटण्या करण्यात हयात गेली होती त्यांची, म्हणून सगळे त्यांना आबा म्हणायचे आणि त्यांच्या शब्दाला मान द्यायचे. शेत वाटलं, बैल वाटले, पातेली वाटली. पश्चिमेची बाजू हौसरावाला, पूर्वेची सर्जेरावाला. मधली खोली सामाईक. मालननं तिथं राहावं, कुणी हरकत घेऊ नये. हे ऐकायला किती छान! पण सामाईक म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगते. हक्काच्या वेळी दोघांची, डागडुजीच्या वेळी कुणाचीच नाही.

सगळं उरकत आलं तेव्हा हौसरावाची नजर माझ्यावर गेली. पन्हळ कुणाची?

सर्जेराव म्हणाला, नळ माझ्या बाजूला, लिंबोणी माझ्या बाजूला, तेव्हा पन्हळ माझी. हौसराव म्हणाला, अर्धी माझ्या कौलांखाली लटकतीय, ती काय हवेत आहे का? दोन तास या दोघांनी माझ्यावरून तोंडं वाजवली. सख्खे भाऊ, चाळिशीच्या आसपासचे, मिशा असलेले. शेवटी बबनरावांनी हात वर केला आणि निकाल दिला. पन्हळ मधोमध कापायची, अर्धी-अर्धी. त्यावर सर्जेराव अडून बसला की हौसरावाच्या कौलांचं पाणी माझ्या नळातून जाता कामा नये. तर बबनराव म्हणाले, त्यात काय एवढं, दोन शेतांच्या मधी बांध असतो तसा पन्हळीलाही ठेवू. मधली वीतभर पन्हळ कापून काढायची. तो बांध. कुणी ओलांडायचा नाही.

आणि माना डोलल्या! पंचांच्या, भावांच्या, अंगणात बसलेल्या सगळ्यांच्या. पाणी वाहून नेणाऱ्या वस्तूला बांध घालायचा, ही अक्कल ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्याला गाव नमस्कार करतं. मी वरून बघत होते. मला रडूही येईना आणि हसूही.

कापायला बाळासोलाच बोलावलं. तो शिडीवर चढला, चुन्यानं मारलेल्या दोन रेघा बघितल्या आणि कातर हातात धरून तसाच थांबला.

"आबा, ही काय भाकरी न्हाई मोडून वाटायला," तो म्हणाला. "हिचं पाणी वरल्या टोकाकडनं खालच्या टोकाकडं जातं. मधी कापली तर मधीच पडंल."

"वाटणीच्या कागदात अर्धी-अर्धी लिवलंय," बबनराव म्हणाले. "काप."

मालनबाई तिच्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "मधी माझी खिडकी हाय."

हौसरावानं मागं वळून बघितलं. "तुला घरातनं कुणी काढतंय का? मग गप ऱ्हा की."

ती उंबऱ्याच्या आत सरली. त्या एका वाक्यात तिचं सगळं आलं होतं. माहेरी राहायचं तर तोंड उघडायचं नाही, उघडलं तर ही खोलीही जाईल. बाळासोनंही मग कातर चालवली. त्याला कळत होतं, पण कळणाऱ्या माणसानं एकदा सांगून बघायचं आणि मग सांगितलेलं काम करायचं, असली आपली रीत. त्याचाही मला रागच आला. वीतभर तुकडा खाली पडला. तो कुणाचाच नव्हता, म्हणून मालनबाईनं उचलून कोपऱ्यात ठेवला.

त्या आषाढात काय झालं ते सांगायला नको. पूर्वेचा तुकडा आपलं पाणी नळातून लिंबोणीला नेऊन घालायचा, सर्जेराव खूश. पश्चिमेच्या तुकड्यात हौसरावाच्या अर्ध्या घराचं पाणी गोळा व्हायचं, उतारानं मध्यावर यायचं आणि कापलेल्या तोंडातून धो धो मालनबाईच्या खिडकीच्या उंबऱ्यावर पडायचं. तोंड माझं होतं. मला ते मिटता येत नव्हतं. पूर्वी पागोळ्या तरी सगळ्या भिंतीवर सारख्या पडायच्या. आता बत्तीस फुटांत फक्त चार हात भिंत भिजायची, आणि ती नेमकी हिची.

तिनं खिडकीत पोतं लावलं. घमेलं ठेवलं, ते भरून वाहिलं. दर आठवड्याला शेणमाती कालवून पायथ्याला लिंपायची, दुसऱ्या सरीला ते वाहून जायचं. मशीन मात्र आत नेता येईना, कारण आत उजेड नव्हता. उजेड होता तिथं पाणी.

ती हौसरावाकडं गेली. त्यानं विचारलं, पाणी माझ्या भिंतीवर पडतंय का? नाही ना. मग मी कशाला चढू? वास्तविक त्याच्या तुकड्याचा उतार उलटा केला असता आणि पश्चिमेला एक नळ लावला असता तर काम भागलं असतं. अर्ध्या दिवसाचं काम. बाळासोनं तसं सांगितलंही होतं. मग ती सर्जेरावाकडं गेली. तो म्हणाला, आक्का, पाणी त्याच्या कौलांचं, तू मला काय सांगतेस? त्याची बायको अनसाबाई मध्ये बोलली की भिंत पडली तर आपल्याकडंही भेग येईल. तर तिलाच दटावलं. असा सगळा पावसाळा गेला. पहिल्या वर्षी भिंत फुगली, आतून पोपडे निघाले, एक दगड सरकला. पण उभी राहिली.

दुसऱ्या वर्षी, पंचाहत्तरला, मालनबाईनं स्वतः काहीतरी करायचं ठरवलं. बाळासोच्या लेकीचं परकर-पोलकं शिवून दिलं आणि बदल्यात एवढंच मागितलं की तो वीतभर तुकडा जागेवर बसवून दे. बाळासोला गेल्या वर्षीचं मनात सलत असावं. ज्येष्ठात भाऊ शेतावर असताना तो आला आणि तुकडा बसवून दोन्ही बाजूंनी झाळून गेला. मी पुन्हा अखंड झाले! बरोबर सतरा दिवस मी वाहिले आणि सतरा दिवस त्या भिंतीला थेंब लागला नाही. मालनबाईनं खिडकीतलं पोतं काढून दोरीवर वाळत घातलं. शाळेच्या ललिताबाई कापड घेऊन आल्या होत्या, त्यांना तिनं हौसेनं भिंत दाखवली. ललिताबाई गावच्या शाळेत शिकवायच्या. पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनासाठी चौदा पोरींचे निळे फ्रॉक त्यांनी मालनबाईला शिवायला दिले होते. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. हे नीट झालं तर दरवर्षी शाळेचं काम तुम्हालाच, असं बाई म्हणाल्या होत्या.

अठराव्या दिवशी सर्जेरावाला लिंबोणीचं आळं तुडुंब भरलेलं दिसलं. पाणी जास्त कसं? चांगलं झाडाला पाणी मिळतंय, मुकाट बस ना! नाही. त्यानं नजर माझ्यावरून फिरवली आणि मध्यावरचा नवा सांधा बघितला. असा ओरडला की जणू कुणी त्याचा बैल सोडून नेला. हौसराव धावत आला. बबनरावांना निरोप गेला, तेही फेटा सावरत आले. बांध बुजवला म्हणून गुन्हा ठरला.

मालनबाई त्या दिवशी बोलली.

"बांध शेताला आसतो, आबा," ती म्हणाली. "ही पन्हळ हाय. भित भिजतीया. औंदा ती ऱ्हायची न्हाई."

"पडली तवा बघू," हौसराव म्हणाला.

मग दोघांनी शिडी आणली. वर्षभर एकमेकांच्या दारात पाणी न प्यालेले हे दोघे भाऊ, एकानं शिडी धरली आणि दुसरा वर चढला. केवढं प्रेम! हौसरावानं कोयत्यानं सांधे उचकटले, तुकडा काढला आणि तिला पुन्हा मिळू नये म्हणून खाली टाकून सर्जेरावानं पायानं चेमटला. आण्णा गेल्यापासून या दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम. बबनराव समाधानानं मिशीवरून हात फिरवत होते.

आषाढाच्या अखेरीला झड लागली. चार दिवस पाऊस थांबला नाही. माझ्या तोंडातून पाणी पडतच होतं. मला भिंतीचा आवाज येत होता, आतून माती सुटल्याचा, बारीक. चौथ्या दिवशी दुपारी मालनबाई एका पोरीचं माप घ्यायला शाळेत गेली होती. बारा फ्रॉक तयार होऊन मशीनशेजारी घडी घालून ठेवलेले, दोन बाकी. भिंत खिडकीखालून बसली आणि खिडकीसकट आत कोसळली. वर तुळई होती म्हणून कौलं राहिली. मशीन, फ्रॉक, सगळं मातीखाली.

मी पत्रा आहे, मला लाज कसली, असं म्हणाल. पण मला लाज वाटली. ते पाणी माझ्या तोंडातून पडलं होतं.

ती आली. गुडघ्यावर बसून हातानं माती उकरायला लागली. एकेक फ्रॉक काढून झटकायची आणि बाजूला ठेवायची. निळा रंग दिसतच नव्हता. अनसाबाई धावत येऊन तिच्याबरोबर उकरायला बसली. आणि भाऊ? भाऊ छत्र्या घेऊन अंगणात उभे होते. हौसराव म्हणत होता, भिंत सामाईक आहे, आधी सर्जानं अर्धी उचलावी, मग मी हात लावीन. सर्जेराव म्हणत होता, पाणी तुझं, आधी तू. मग हौसरावानं घरातून सुतळी आणली. कशाला, सांगू? पडलेल्या भगदाडाचा मध्य काढायला. बहीण मातीत बसलेली आणि हा तिच्या डोक्यावरून सुतळी ताणतोय. आण्णांच्या पोटी असली रत्नं कशी निपजली, हे मला अजून कळलेलं नाही.

भिंत पडल्याचं पोरींकडून कळून ललिताबाई शाळेतून आल्या. त्यांनी छत्री मिटून बाजूला ठेवली, पदर खोचला आणि अनसाबाईबरोबर मशीन उभं केलं. चाक वाकलं होतं, पण फिरत होतं. मग त्यांनी दोघा भावांकडं बघितलं, ताणलेल्या सुतळीकडं बघितलं आणि मालनबाईला म्हणाल्या, "आमच्या घराची पुढली खोली मोकळी हाय. उजेड हाय, पाणी येत न्हाई. तुम्हाला चालणार आसंल तर मशीन आत्ताच नेऊ."

ललिताबाईंचं घर बौद्धवाड्यात. गाव अजून त्या वस्तीला जुन्या नावानं हाक मारतं, मारो बापडं. चालणार असेल तर, असं त्यांनी का विचारलं हे अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. सुतळी धरलेला हौसरावाचा हात खाली आला.

मालनबाईनं हात लुगड्याला पुसले. "चला," ती म्हणाली.

मशीनचं डोकं ललिताबाईंनी उचललं, फ्रॉकचं गाठोडं मालनबाईनं. ललिताबाईंची आई सोजरबाई निरोप मिळताच आल्या, त्यांनी आणि अनसाबाईनं लोखंडी स्टँड धरला. भर दुपारी, सगळ्या आळीसमोरून, त्या चौघी गेल्या. अनसाबाई संध्याकाळी परत आली आणि आठ दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

आता पुढचं ऐका, म्हणजे तुम्हाला या लोकांची खरी किंमत कळेल. भिंत पडली, त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. बहिणीच्या पोटापाण्याचं साधन मातीत गेलं, त्यानंही नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर कुणीतरी हौसरावाला विचारलं की तुझी बहीण बौद्धवाड्यात बिऱ्हाड करून राहिली म्हणे, खरं का? झालं! दुपारच्या आत बाळासो शिडीवर. पावसात, डोक्यावर पोतं घेऊन त्यानं नवा पत्रा कापून मला जोडलं. उतार पुन्हा तपासला, आकडे ठोकले, दोन्ही सांधे झाळले. ज्या कामाला दोन पावसाळे कुणाला सवड नव्हती ते दिवेलागणीच्या आत उरकलं. बांध कुठं गेला, कागद कुठं गेला, कुणी विचारलं नाही. बबनराव स्वतः शिडी धरून उभे होते.

आणि भिंत? मातीची नाही, भाजलेल्या विटांची. दोघांनी मिळून सहा दिवसांत उभी केली, बाहेरून सिमेंटचा गिलावा, नवी खिडकी, खिडकीला गज. सामाईक कामाला आधी हात कुणी लावायचा, हा प्रश्नच पडला नाही.

बाळासो काम करताना माझ्याशीच पुटपुटत होता. ललिताबाईंच्या भावानं, मच्छिंद्रनं, ते घर बांधलंय. तो दौंडला रेल्वेत आहे. वर स्लॅब, पुढं छज्जा, आणि छज्ज्याच्या कडेला खालून बोटभर खाच ठेवलीय, म्हणजे पाणी मागं भिंतीकडं न वळता तिथंच तुटून खाली पडतं. "गावात छपराच्या काठाची काळजी केलेली दोनच घरं," तो म्हणाला. ऐकून मला बरं वाटलं. म्हणजे ती बरोबर ठिकाणी गेली होती.

आठवड्यानं मालनबाई आली. तिची मोठी कातर आणि खडू कोनाड्यात राहिला होता. भाऊ वाटच बघत होते. दोघांनी तिला अंगणात मध्यावर उभी केली आणि मला दाखवलं, भिंत दाखवली, खिडकीचे गज दाखवले. नवी नवरी दाखवावी तसं चाललं होतं.

"बघ, पन्हळ जोडली," हौसराव म्हणाला. "आता काय तक्रार न्हाई ना? मशीन आणाया गाडी धाडतो."

"आक्का, चल घरी," सर्जेराव म्हणाला. "गावात तोंड दावाया जागा न्हाई."

मालनबाईनं नव्या भिंतीवरून हात फिरवला. अगदी आण्णांसारखा. भिंत कोरडी होती.

"दादा, म्या दोन पावसाळं हेच मागत हुते," ती म्हणाली. "तवा मी हितं ऱ्हात हुते."

तिनं कातर आणि खडू पिशवीत टाकला, अनसाबाईच्या पोरीच्या गालाला हात लावला आणि गेली. पंधरा ऑगस्टला सकाळी चौदा पोरी निळे फ्रॉक घालून आळीतून शाळेकडं गेल्या. नदीवर नेऊन कितीदा धुतले असतील कोण जाणे, तरी दोघी-तिघींच्या घेरावर मातीचा पिवळट डाग राहिला होता. पण शिलाई एकाचीही उसवली नव्हती. शाळेचं काम आता दरवर्षी तिच्याकडंच असतं, असं अनसाबाई सांगत होती. ती अधूनमधून तिकडं जाऊन येते, नवऱ्याला न विचारता.

आता एकोणऐंशी साल चालू आहे. मी अखंड आहे, गंजले नाही, उतार जागेवर आहे. दर पावसाळ्याआधी हौसराव आणि सर्जेराव दोघं मिळून शिडी लावतात आणि माझ्यातला पाला काढतात. येणाऱ्या पाहुण्यांना मला दाखवतात. आमच्या आण्णांची आठवण, म्हणतात. ऐकून घेते, काय करणार.

मधली खोली वर्षभर तशीच रिकामी होती. ती येईल म्हणून ठेवलीय, असं सांगायचे. मग एके दिवशी दोघांनी खोलीच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. अलीकडं हौसरावाचे कांदे, पलीकडं सर्जेरावाचे. पक्की भिंत, वर पन्हळ, कांद्याला ओल लागत नाही. गावात कुणाचे टिकत नाहीत इतके यांचे कांदे टिकतात, म्हणून बबनरावही आपली चार पोती इथंच आणून ठेवतात.

तर मंडळी, मी निरोप घेते. गोड बोलणं मला जमत नाही, पण एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी बाई भिंत भिजतीय म्हणून सांगत असेल तर कागद काढू नका, पंच बोलावू नका, पाणी कुणाच्या कौलांचं ते विचारू नका. ती घरात आहे तोवर शिडी लावा.